सचोटी पाठ होते, अंगी कशी येते?

पुण्यात राहून राज्यसेवेची तयारी करणाऱ्या चोवीस वर्षांच्या एका मुलाचा हा प्रश्न आहे. थोडक्यात असा: "नीतिशास्त्राच्या पेपरसाठी सचोटी, करुणा, धैर्य, सगळ्यांच्या व्याख्या तोंडपाठ आहेत. पण कॉलेजात मी मित्रांच्या खोट्या हजेऱ्या लावल्या आहेत आणि आजही फुकटच्या पैशाचा विषय निघाला की मन चळतं. मग खुर्चीत बसल्यावर मी नीट वागेन कशावरून? गुण जन्मजात असतात की घडवता येतात? घडवता येत असतील तर आत्तापासून काय करू?"

मी महसूल खात्यात नायब तहसीलदार म्हणून लागले आणि उपजिल्हाधिकारी म्हणून निवृत्त झाले. आता हाच विषय शिकवते. केंद्रीय लोकसेवा आयोगाने २०१३ मध्ये हा २५० गुणांचा पेपर आणला आणि राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाल्यावर तो आपल्याकडेही आला. त्यामुळे मुलं निदान या गोष्टींवर बोलायला लागली, हे चांगलंच झालं. तोटा असा, की गुण म्हणजे एक व्याख्या, एक थोर व्यक्ती आणि खाली अधोरेखित केलेली तुकोबांची ओळ, असा साचा पक्का झाला. शास्त्रीजींचा राजीनामा नसलेली उत्तरपत्रिका शोधून काढावी लागते.

राजीनाम्यांचंच घ्या. लालबहादूर शास्त्रींनी अरियालूरच्या अपघातानंतर रेल्वेमंत्रिपद सोडलं ते १९५६ मध्ये. त्याच वर्षी चिंतामणराव देशमुखांनी मुंबईच्या प्रश्नावरून अर्थमंत्रिपद सोडलं. दोन्ही गोष्टी मोठ्याच. पण त्या दिवशी सकाळी उठून कुणी धैर्यवान झालं नव्हतं. तुम्ही विचारताय ते त्याच्या आधीचं आहे, आणि ते बहुतेक पुस्तकांत नसतं, कारण ते फार कंटाळवाणं असतं. तुमच्या सबंध नोकरीत मोठ्या कसोटीचे प्रसंग बोटांवर मोजण्याइतके येतील. बाकी सगळे दिवस नोटिसा, टिपण्या, सुनावण्या आणि पंचनाम्यांचे. गुण तिथे घडतात, आणि बिघडतातही तिथेच.

पंचनाम्याचं उदाहरण सविस्तर सांगते. परतीच्या पावसाने सोयाबीन झोडपून काढलंय. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक यांनी मिळून संयुक्त पंचनामे करायचे आहेत आणि वरून रोज फोन येतोय, अहवाल कुठाय. रानात गुडघाभर चिखल, मोटारसायकल रस्त्यालाच सोडून पुढे चालत जायचं. इकडे चावडीत पंखा आहे, चहा आहे, पीकपेऱ्याची नोंद समोर आहे. गट नंबर, पीक, पेरलेलं क्षेत्र, बाधित क्षेत्र, नुकसानीची टक्केवारी, सगळे रकाने टेबलावर बसून भरता येतात. पंच म्हणून सही करणारे दोघं पायरीवरच बसलेले असतात आणि कोऱ्या नमुन्यावर सही द्यायला त्यांची काही ना नसते. लक्षात घ्या, इथे कुणी लाच देत नाहीये. पाकीट नाही, पुढारी नाही, धमकी नाही. तुमच्या पेपरमधल्या केस स्टडीत असतं तसं काहीच नाही. फक्त थोडी मेहनत वाचवायची आहे, आणि ती वाचवली तर कुणाला कळणारही नाही.

माझ्या हाताखाली एक तलाठी होते, गावात सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणत. ते शेतात गेल्याशिवाय टक्केवारीचा रकाना भरत नसत. बांधावरून नजर टाकून नाही, आत उतरून. चार ठिकाणची झाडं उपटून बघायचे, शेंग फोडून दाणा काळा पडलाय का, कोंब फुटलाय का ते पाहायचे. पीक कापून गंजी लावलेली असेल तर वरच्या पेंढ्या बाजूला सारून आत हात घालायचे, कारण वरून वाळलेली गंजी आतून गरम आणि सडलेली निघते. तिथेच उभ्याउभ्या तारीख-वेळ टाकायचे आणि पंचांची सही शेतातच घ्यायचे. मी एकदा विचारलं, इतकं कशाला करता? त्यांनी काही तत्त्वज्ञान सांगितलं नाही. म्हणाले, "मॅडम, पहिल्या सर्कलसाहेबांनी असंच करायला लावलं. आता दुसऱ्या पद्धतीनं हातच चालत नाही."

पुढे त्याच भागात रस्त्यासाठी भूसंपादन आलं. मोबदला झाडांवर ठरतो म्हटल्यावर रातोरात फळबागा उगवतात, हे महसूल खात्यातल्या कुणालाही सांगायला नको. भाऊसाहेबांकडे लोक आले, रक्कम मोठी होती. त्यांनी भाषण ठोकलं नाही, की पोलिसांना बोलवीन असंही म्हणाले नाहीत. "झाडं मोजावी लागतील," एवढंच म्हणाले, आणि मोजायला गेले. एवढी वर्षं ज्याने शेंगा मोजल्या, त्याला झाडं न मोजता लिहिणं जमेना, इतकी साधी गोष्ट होती ती. पैशाला नकार देण्याची त्यांची तयारी कुठे झाली असेल तर सोयाबीनच्या चिखलात.

म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: गुण घडवता येतात. स्वभावाचा वाटा असतो, नाही असं नाही. कुणी मुळात भित्रं असतं, कुणी तापट. पण तो फक्त कच्चा माल. ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटलने हे सगळ्यात स्पष्ट मांडलंय. बुद्धीचे गुण शिकवण्याने वाढतात, वागण्याचे गुण सवयीने, असं तो म्हणतो; न्यायाने वागत वागतच माणूस न्यायी होतो. आपल्याकडे पतंजलींनी अभ्यास पक्का होण्याच्या ज्या अटी सांगितल्या आहेत, त्या योगासाठी असल्या तरी इथेही चपखल बसतात: दीर्घकाळ, खंड न पडता आणि आदराने. तिसरी अट मला फार महत्त्वाची वाटते. मुकाट्याने नियम पाळणारी पण त्या नियमाचा मनातून तिरस्कार करणारी माणसं मी खूप पाहिली आहेत. नियम सैल झाला की सगळ्यात आधी तीच घसरतात. भाऊसाहेबांना शेतकऱ्याच्या नुकसानीचं खरंच काही वाटत होतं. म्हणून ती सवय नुसती यांत्रिक राहिली नाही.

आता तुमचं मन चळतं त्याविषयी. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. उलट ते तुमच्या लक्षात येतं हे बरं आहे. ॲरिस्टॉटलनेच माणसांच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत. कार्यालयाच्या भाषेत त्या अशा दिसतात. एकजण घेतो आणि त्यात काही वावगं आहे असं त्याला वाटतच नाही. दुसरा घेतो, पण रात्री त्याला झोप लागत नाही. तिसरा घेत नाही, मात्र आतून ओढ असते, दात-ओठ खाऊन नाही म्हणतो. चौथ्याच्या मनात तो विचारच येत नाही. तुम्ही आज दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये कुठेतरी आहात, आणि नोकरीला लागणारी बहुतेक भली मुलं तिथेच असतात. तिसऱ्या पायरीवर बरीच वर्षं जातात. ती ढोंगाची पायरी नाही. जर्मन तत्त्वज्ञ कांट तर म्हणेल की ओढ असूनही कर्तव्यासाठी नाही म्हणणाऱ्याचीच खरी किंमत. मला ते पूर्ण पटत नाही. रोज स्वतःशी कुस्ती खेळणारा अधिकारी मी जवळून पाहिलाय. तो थकतो, चिडचिडा होतो, आणि आपण किती सोसतोय याचा हिशोब ठेवायला लागतो. पण चौथ्या पायरीवर जायची वाट तिसरीवरूनच जाते, थेट कुणी पोचत नाही. प्रगती झाल्याची खूण मात्र कळते. सुरुवातीला नाही म्हणताना आपण दहा मिनिटं समजावून सांगतो, कारणं देतो, माफीच्या सुरात बोलतो. पुढे पुढे एक वाक्य पुरतं.

एक गैरसमज काढायला हवा. "चांगला माणूस" म्हणजे सगळे गुण एकगठ्ठा असलेला, असं आपण धरून चालतो. तसं नसतं. कौटिल्याला हे नीट ठाऊक होतं. त्याच्या 'अर्थशास्त्र' या ग्रंथात अमात्यांच्या चार परीक्षा दिल्या आहेत: धर्म, अर्थ, काम आणि भय. पैशाच्या परीक्षेत उतरला त्याला महसूल आणि कोठाराचं काम द्या, भयाच्या परीक्षेत उतरला त्याला राजाच्या जवळच्या कामावर नेमा, चारही पार केल्या तर मंत्री करा. आणि एकाही परीक्षेत न उतरलेल्याला? खाणी, हत्तींची जंगलं, कारखाने. (तेव्हाही अडचणीच्या बदल्या होत्याच म्हणायच्या.) शिवाय त्याने एक सावध सूचनाही दिली आहे: जो बिघडलेला नाही त्याला मुद्दाम मोहात पाडून बिघडवू नका, एकदा बिघडलेलं मन पुन्हा जागेवर येईलच असं नाही. १९२८ साली अमेरिकेत हार्टशोर्न आणि मे यांनी शाळकरी मुलांच्या प्रामाणिकपणाचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यातही असंच निघालं. परीक्षेत कॉपी न करणारं मूल खेळात फसवणूक करणारच नाही, असं काही सांगता येईना.

याचा तुमच्यासाठी अर्थ असा: आपण कुठल्या परीक्षेत कच्चे आहोत ते आधी ओळखा. माझे एक वरिष्ठ पैशाच्या बाबतीत इतके स्वच्छ की कार्यालयाच्या चहाचेही पैसे स्वतः द्यायचे. पण बड्या माणसाचा फोन आला की त्यांची लेखणी वळायची. त्यांनी कधी एक रुपया घेतला नाही, आणि तरी त्यांच्या सहीने माणसांची नुकसानी झाली. स्वच्छ हात हे त्यांचं प्रमाणपत्र होतं, आणि त्याच्या आड भित्रेपणा झाकला जायचा.

करुणेच्या बाबतीत आणखी एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. १९७३ मध्ये प्रिन्स्टनमध्ये धर्मोपदेशक होऊ घातलेल्या विद्यार्थ्यांना एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत भाषण द्यायला पाठवलं. वाटेत एक माणूस दारात विव्हळत पडलेला, तो अर्थात ठरवून बसवलेला होता. ज्यांना भरपूर वेळ आहे असं सांगितलं होतं, त्यांतले ६३ टक्के मदतीला थांबले. ज्यांना उशीर झालाय म्हणून पिटाळलं होतं, त्यांतले १० टक्के. गंमत म्हणजे निम्म्यांना जे भाषण द्यायचं होतं, ते बायबलमधल्या वाटेवरच्या जखमी माणसाला मदत करणाऱ्या परोपकाऱ्याच्या गोष्टीवरच होतं, आणि त्याने म्हणण्यासारखा फरक पडला नाही. तहसीलच्या खिडकीसमोर शंभर माणसं उभी असताना तुमची करुणा कुठे जाते, याचं उत्तर यात आहे. ती तुमच्या स्वभावात कमी नसते, तिला वेळ मिळत नाही. म्हणून भेटीचे दिवस ठरवणं, निराधारांच्या अर्जांची वेगळी नस्ती (फाइल) ठेवणं, म्हाताऱ्या माणसांना बसायला बाक आहे का ते बघणं, हे नुसतं व्यवस्थापन नाही. चांगलं वागणं सोपं जाईल अशी जागा तयार करणं हासुद्धा गुणाचाच भाग आहे. सगळा भार मनोनिग्रहावर टाकणारा माणूस मला थोडा अहंकारी वाटतो.

यापुढचं सगळ्यात अवघड. गुण दोन असतील आणि ते एकमेकांच्या आड आले तर? पुन्हा शेतातच जाऊ. आपत्तीच्या मदतीसाठी पिकाचं किमान ३३ टक्के नुकसान लागतं. २०१५ च्या आधी ही अट ५० टक्क्यांची होती. आता समोर एक विधवा बाई आहे, दीड एकर, आणि नुकसान प्रामाणिकपणे पाहिलं तर तीस टक्क्यांच्या आत. "भाऊसाहेब, लिहा की पस्तीस, तुमच्या काय खिशातून जातंय?" असं सगळा गाव म्हणतो, आणि गावाचं मन चांगलंच असतं. वर्गात हा प्रसंग दिला की निम्मी मुलं पस्तीस लिहितात आणि त्याला करुणा म्हणतात. उरलेली अठ्ठावीस लिहून पुढच्या गटाकडे जातात आणि त्याला सचोटी म्हणतात. मी दोघांनाही निम्मेच गुण देते.

पस्तीस लिहिणाऱ्याने उद्या सरपंचाच्या भावाला नाही म्हणून दाखवावं. आणि अठ्ठावीस लिहून निघून जाणाऱ्याने त्या बाईचं काय झालं ते सांगावं. ज्याला विवेक आहे तो आधी नीट मोजतो, दोन कोपऱ्यांत जास्त नुकसान असेल तर तेही धरतो, आणि मग जे आहे ते लिहितो. त्यानंतर तो तिथून हलत नाही. पती जाऊन किती दिवस झाले? कुटुंब दारिद्र्यरेषेखाली असेल आणि कमावता माणूस गेला असेल, तर राष्ट्रीय कुटुंबलाभ योजनेचे २०,००० रुपये मिळाले का? संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज केलाय का? वारसाची नोंद सातबाऱ्यावर चढलीय का, की पीककर्ज अजून मयताच्या नावावर अडकलंय? बहुतेक वेळा यातलं एखादं तरी राहिलेलं निघतं. म्हणजे करुणेला नियम मोडावा लागत नाही, पण तिला माहिती लागते, आणि चार हेलपाटे घालायची तयारी. ज्याला योजनांचे शासन निर्णय माहीत नाहीत, त्याची करुणा खोटे आकडे लिहिण्यापलीकडे जाऊच शकत नाही.

हा विवेक पुस्तकातून येत नाही, याबद्दल ॲरिस्टॉटल तुमच्या वयाच्या मुलांशी जरा कठोरच आहे. तरुण माणूस उत्तम गणिती होऊ शकतो, पण व्यवहारातला विवेकी नाही, कारण त्याला प्रसंगांचा अनुभव लागतो, असं तो म्हणतो. त्याचा मध्यममार्गही लोक चुकीचा वापरतात. "मॅडम, टोकाला जाऊ नये, थोडंफार चालतं," असं मला एका विद्यार्थ्याने त्याच्याच नावावर सांगितलं होतं. ॲरिस्टॉटलने स्वच्छ म्हटलंय की चोरी, खून अशा गोष्टींना मध्यम नसतोच. मध्यम असतो तो भीती आणि राग यांसारख्या भावनांना, किती खर्च करावा, किती बोलावं याला. आणि आपला कल ज्या टोकाकडे असेल, त्याच्या उलट बाजूला स्वतःला ओढा, वाकडं लाकूड सरळ करताना करतात तसं, हा त्याचा सल्ला मी आयुष्यभर वापरला. मी मुळात संकोची. वरिष्ठांपुढे जीभ रेटायची नाही, म्हणून प्रत्येक बैठकीत निदान एक प्रश्न विचारायचाच, असं ठरवून घेतलं होतं. सुरुवातीला ते फार कृत्रिम वाटायचं.

धैर्याबद्दल एवढंच, की कार्यालयात ते सिनेमातल्यासारखं दिसत नाही. तोंडी आदेश आला, "एवढं करून टाका," तर धैर्य म्हणजे आवाज न चढवता "टिपणी सादर करते, आपला शेरा यावा" असं म्हणणं. अखिल भारतीय सेवांच्या १९६८ च्या वर्तणूक नियमांतही वरिष्ठांचे निर्देश साधारणपणे लेखी असावेत आणि तोंडी दिले तर नंतर लेखी पक्के करावेत, असंच आहे. निम्मे चुकीचे आदेश कागदावर यायची वेळ आली की आपोआप विरून जातात. उरलेल्या निम्म्यांची किंमत मोजावी लागते, बदली होते, गोपनीय अहवालात शेरा येतो. ते होणार नाही असं मी तुम्हाला सांगणार नाही.

आत्तापासून काय करू, असं विचारलंत. अभ्यासिकेत जागा अडवायला ठेवलेली बॅग उचला. घरी सराव परीक्षा सोडवताना वेळ संपली की पेन खाली ठेवा आणि स्वतःचा पेपर तपासताना स्वतःला अर्धा गुणही उगाच देऊ नका. मेसचा हिशोब, खोलीचं भाडं, मित्राकडून घेतलेल्या नोट्स परत करायची तारीख. हसू येईल, पण तुमच्याकडे आज एवढंच रान आहे. कॉलेजातल्या हजेऱ्यांचं ओझं वाहत बसू नका. त्या लावताना "सगळेच लावतात" हे कारण तुम्ही स्वतःला दिलं होतं ना, तेवढं मात्र लक्षात ठेवा. तेच वाक्य कार्यालयात डबा खाताना पुन्हा कानावर येणार आहे, जरा वेगळ्या शब्दांत: "साहेब, इथं असंच चालतं."

त्या डब्याच्या टेबलावर कुणाशेजारी बसायचं, हे पहिल्या नेमणुकीत जपून ठरवा. ॲरिस्टॉटलने नीतीवरच्या दहा भागांतले दोन मैत्रीला दिले आहेत, ते काही उगाच नाही. चांगला पहिला साहेब मिळणं नशिबाचं, पण चांगला सहकारी शोधता येतो. बहुतेक कार्यालयांत एखादा तरी जुना अव्वल कारकून असतोच, ज्याच्या नस्तीत तारीख मागची-पुढची झालेली सापडत नाही. त्याच्याकडे जाऊन काम शिका.

आणि घरी बोला. हे कुणी सांगत नाही म्हणून सांगते. माझ्या पाहण्यात जे घसरले त्यांतले बरेचसे लोभाने नाही, तर घरच्या अपेक्षांच्या ओझ्याने घसरले. शिक्षणाला वडिलांनी काढलेलं कर्ज, बहिणीचं लग्न, "साहेब झालास आणि अजून भाड्याच्या घरात?" सातव्या वेतन आयोगानुसार उपजिल्हाधिकाऱ्याचं सुरुवातीचं मूळ वेतन ५६,१०० रुपये आहे. भत्ते मिळून बरं भागतं, पण गावाकडे लोकांच्या डोक्यात असलेला आकडा याच्या कितीतरी पट असतो. निकाल लागायच्या आधी, आत्ताच, आईवडिलांसमोर बसून हा खरा आकडा सांगा. कर्ज किती वर्षांत फिटेल, लग्नाला तुमच्याकडून किती येईल, गाडी कधी घेणार, ते एका वहीत लिहा. निकालानंतर सत्कार सुरू झाले की हे बोलणं फार अवघड होऊन बसतं.